रांगेत नुसते पाय उभे नसतात

आषाढी एकादशीच्या आसपास पंढरपुरात दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, कधी त्याच्याही पुढे. विठ्ठलाच्या पायावर डोकं टेकवायचं तर कित्येक तास, अनेकदा अख्खी रात्र त्या रांगेत काढावी लागते. पायाला भेगा, खांद्यावर पडशी, वरून पावसाची सर. तरी रांगेतून कानावर येतो तो टाळांचा आवाज, नाहीतर ‘माउली, जरा पुढं सरका’. आता हाच माणूस गावी परतल्यावर दवाखान्याच्या ओपीडीत बसलेला बघा. डोक्यावर पंखा आहे, बूड टेकायला बाकडं आहे. पण पाऊण तास झाला की त्याचा पारा चढतो. ‘अजून किती वेळ?’ म्हणून तो तिसऱ्यांदा खिडकीपाशी जातो आणि खिडकीतून तिसऱ्यांदा ‘बसा, बोलावतो’ एवढंच उत्तर येतं.

फरक कशाचा? आपण पटकन म्हणतो, श्रद्धेचा. ते खरंच आहे, पण तेवढ्याने पुरतं उत्तर मिळत नाही. कारण श्रद्धेने उभा असलेला हाच वारकरी, रांगेत कुणी ओळखीच्या जोरावर मध्येच घुसला तर गप्प बसत नाही. श्रद्धा तीच, देव तोच; बिघडलं ते वेगळंच काहीतरी. ते वेगळं काय, याचा गेली काही दशकं मानसशास्त्रज्ञ बारकाईने अभ्यास करत आहेत. वस्तू असो, सेवा असो की सरकारी योजना, ती माणसाच्या मनाच्या मूलभूत गरजा ओळखून आखली तर लोक ती आपली मानतात. त्या गरजा डावलून आखली, तर पैसा आणि तंत्रज्ञान ओतूनही ती उभी राहत नाही. आरोग्यसेवेत तर याची किंमत जिवाने मोजावी लागते.

वाट पाहण्याचं गणित

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. आजही बँकांपासून विमानतळांपर्यंत त्याचा आधार घेतला जातो. त्याचं म्हणणं साधं होतं : घड्याळातला वेळ आणि मनातला वेळ वेगळा चालतो. हात किंवा मन रिकामं असेल तर वेळ लांबतो. किती थांबायचं ते माहीत नसेल तर लांबतो. उशीर का होतोय ते कुणी सांगत नसेल तर आणखी लांबतो. रांगेत अन्याय होतोय असं वाटलं तर असह्य होतो. एकट्याने थांबणं हे चौघांत थांबण्यापेक्षा जड जातं. मनात काळजी असेल तर मिनिटाचा तास होतो. आणि शेवटी जे मिळणार आहे ते मोलाचं असेल, तर माणूस जास्त थांबायला तयार असतो.

आता ही यादी पंढरपूरच्या रांगेला लावून बघा. तोंडी अभंग, हाती टाळ, म्हणजे मन रिकामं नाही. आजूबाजूला आपल्याच गावची, आपल्याच दिंडीची माणसं, म्हणजे एकटेपणा नाही. एकादशीच्या काळात देवाचा पलंग काढून ठेवतात आणि मंदिर चोवीस तास दर्शनाला खुलं राहतं. म्हणजे वेळ लागेल, पण ‘आजची वेळ संपली, उद्या या’ ही धास्ती नाही. आणि शेवटी जे मिळणार आहे त्याचं मोल तर विचारूच नका.

हीच यादी ओपीडीला लावा. मन रिकामं, माणूस अनोळखी लोकांत एकटा, छातीत दुखण्याची काळजी, किती वेळ लागेल ते ठाऊक नाही, डॉक्टर वॉर्डात गेलेत की चहाला ते कुणी सांगत नाही, आणि डोळ्यांदेखत कुणीतरी मागच्या दाराने आत जातं. मेस्टरने सांगितलेली प्रत्येक गोष्ट इथे माणसाच्या विरुद्ध काम करते.

पोट भरल्यावरच्या गरजा नव्हेत

माणसाच्या गरजा म्हटलं की अब्राहम मॅस्लोचं नाव निघतं. त्याने १९४३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार आधी अन्न-पाणी-निवारा, मग सुरक्षितता, मग प्रेम, मग मानसन्मान आणि सगळ्यात शेवटी स्वतःतल्या शक्यता फुलवणं, असा क्रम लागतो. पुढे त्याचा पिरॅमिड झाला, पाठ्यपुस्तकांत गेला आणि त्यातून एक गैरसमज घट्ट बसला. गरिबाला आधी भाकरी द्या, मान-मर्जीचं नंतर बघू. प्रत्यक्षात उपाशी माणसालाही अपमान कळतो. रेशनच्या रांगेत ढकललं गेल्याचं दुःख धान्य मिळालं तरी उरतं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी गरजांकडे जिना म्हणून पाहिलं नाही. डेसीने १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना प्रत्येक कोड्याचे पैसे दिले, काहींना नाही. पैसे बंद झाल्यावर असं दिसलं की ज्यांना आधी पैसे मिळाले होते, ते फावल्या वेळात कोड्यांना कमी हात लावू लागले. जे काम गंमत म्हणून चाललं होतं, ते मोलमजुरी होऊन बसलं. या धाग्यावरून दोघांनी पुढे सविस्तर सिद्धांत मांडला. त्याचं सार असं की अन्न-पाण्यासारख्याच मनाच्याही तीन गरजा असतात आणि त्या श्रीमंत-गरीब सगळ्यांना असतात.

पहिली मर्जी : मी जे करतो आहे ते माझ्या इच्छेने, पटून करतो आहे ही जाणीव. दुसरी जमणं : हे मला येतं, माझ्या हातून होतं, मी त्यात सुधारतो आहे ही जाणीव. तिसरी आपलेपणा : कुणाला तरी मी हवा आहे, माझी विचारपूस करणारं कुणीतरी आहे ही जाणीव.

इथे एक शंका रास्त आहे. मर्जी-स्वातंत्र्य हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे घर-कुटुंब महत्त्वाचं, असं कुणी म्हणेल. ही शंका संशोधकांनाही आली होती. रायन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका इथल्या तरुणांची तुलना केली. चारही ठिकाणी असंच दिसलं की आपल्या वागण्यामागे आपली संमती आहे असं वाटणाऱ्यांची मनःस्थिती चांगली होती. मर्जी म्हणजे एकट्याने राहणं किंवा कुणाचं न ऐकणं नव्हे. सासऱ्यांचा सल्ला पटून मानणारी सून स्वतःच्या मर्जीनेच वागत असते. तोच सल्ला तिच्यावर लादला, तर मात्र तिची मर्जी मोडते.

दिंडी नावाची व्यवस्था

या तीन गरजांभोवती उभी केलेली, शतकानुशतकं तपासून निघालेली एक ‘सेवा’ दरवर्षी सोलापूर जिल्ह्यातून चालत जाते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला पोचते. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी अकलूजच्या बाजूने येते. लाखो माणसं जवळजवळ तीन आठवडे चालतात. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी होते. लष्कराच्या चालीची शिस्त त्यांनी भक्तीच्या सोहळ्यात आणली, असं वारकरी आजही सांगतात.

ही रचना बारकाईने बघण्यासारखी आहे. लाखांची गर्दी ही गर्दी म्हणून चालतच नाही, ती दिंड्यांत विभागलेली असते. प्रत्येक दिंडीला क्रमांक, रथाच्या पुढे की मागे ते ठरलेलं. एवढ्या जनसागरातही माणूस हरवला तरी त्याला सांगता येतं, ‘मी रथामागच्या अमुक नंबरच्या दिंडीतला.’ हा झाला आपलेपणा. दिंडीत विणेकरी असतो, पखवाजवाला असतो, टाळकरी, पताकाधारी आणि डोक्यावर तुळस घेतलेली बाई असते. जो पहिल्यांदा आला त्याला टाळाच्या साध्या ठेक्यापासून सुरुवात करता येते, पावली बघून बघून येते आणि काही वर्षांत तो पुढच्या ओळीत दिसतो. हे झालं जमणं. आणि यातलं काही सक्तीने नाही. कुणी आळंदीपासून येतो, कुणी लोणंदला सामील होतो, कुणी फक्त वाखरी ते पंढरपूर चालतो. ही झाली मर्जी.

तक्रारीची सोयही बघा. मुक्कामी समाज-आरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणं मांडायचं असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग तिच्यापाशी जाऊन तिचं म्हणणं ऐकून घेतात. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारलं जातं. टोल-फ्री क्रमांक नाही, अर्ज नाही. सगळ्यांदेखत तक्रार ऐकली जाते आणि आपलं ऐकलं गेलं हे दिंडीतल्या शेवटच्या माणसालाही दिसतं.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती दर्शनाची सोय. पायावर डोकं ठेवायचं तर पदस्पर्शाची रांग आहे. तेवढा वेळ किंवा बळ नसेल तर लांबून मुखदर्शन आहे. तेही नको तर नामदेव पायरीपाशी माथा टेकावा. आणि तेही जमलं नाही तर कळसाचं दर्शन घेऊन परत फिरावं, वारी पोचली. यातल्या कुठल्याच पर्यायाला वारकरी ‘दुय्यम’ म्हणत नाहीत. म्हातारी बाई कळस बघून परतली म्हणून तिची वारी कमी भरत नाही. पर्याय देणं सोपं असतं. पण साध्या पर्यायालाही तेवढाच मान देणं फार थोड्या व्यवस्थांना साधलेलं आहे. आपल्या दवाखान्यांत मोफत उपचार आणि पैसे भरून उपचार यांच्या दोन खिडक्यांवर आवाजाची पट्टी कशी बदलते, ते आठवून पाहावं.

वारीत सगळं आलबेल आहे असं नाही. शौचालयांची अडचण, पाण्याची स्वच्छता, चेंगराचेंगरीची भीती हे प्रश्न खरे आहेत आणि ते भजनाने सुटणारे नाहीत. मनाच्या गरजा भागल्या म्हणून शरीराच्या गरजा माफ होत नाहीत. दोन्हींकडे एकाच वेळी बघावं लागतं, एवढाच मुद्दा.

कुंभारीची घरं

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते. पण चादरीच्या मागाइतकंच हे शहर विडीवरही जगलं आहे. पूर्व भागातल्या हजारो बायका ब्रँचमधून पान-तंबाखू घरी आणतात, विड्या वळतात आणि मोजून परत देतात. मजुरी हजारी विड्यांवर. विडी बारीक झाली, पान फाटकं निघालं म्हणून किती बाजूला काढायच्या ते समोरचा ठरवतो. यात मर्जी कुठे आहे? बोटांना येणारी सफाई अफाट, पण तिची दखल घेणारं कुणी नाही. त्यातच तंबाखूची धूळ दिवसभर त्याच खोलीत, जिथे लेकरं झोपतात.

अशा महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेने अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत दहा हजार घरांची वसाहत उभी केली. वारली आदिवासींना संघटित करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलं. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं कामगारांच्या हाती आली. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार महिला असा तिघांचा पैसा त्यात होता. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालचा दीर्घ लढा होता. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर आखलं गेलं. त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक, वाहनचालक अशी माणसं तिथली मालक झाली.

हे आरोग्याच्या सदरात कशाला, असं वाटेल. कारण ‘आपलं घर’ ही गोष्ट फक्त विटा-सिमेंटची नसते. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सच्या कडेला १९८१ मध्ये काही कुटुंबांनी एका पडीक जमिनीवर वस्ती केली. सरकारने ती जमीन मूळ मालकांकडून घेऊन रहिवाशांच्या नावे करायचं ठरवलं. काही मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारीशेजारी राहणाऱ्या, सारख्याच गरीब कुटुंबांपैकी काहींच्या हाती कागद आला, काहींच्या नाही. गॅलियानी आणि शारग्रोड्स्की या अर्थतज्ज्ञांनी नंतर तुलना केली, तेव्हा कागद मिळालेल्यांनी घरं जास्त चांगली बांधली होती आणि त्यांची मुलं जास्त शिकत होती. मेक्सिकोत तर घरातल्या मातीच्या जमिनीवर नुसता सिमेंटचा थर देण्याची योजना झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या पोटातले जंत आणि जुलाब कमी झालेले दिसलेच, पण आयांमधली उदासी आणि ताणही कमी झाल्याचं आढळलं. जमीन सिमेंटची झाली, परिणाम मनावरही झाला.

कुंभारीचा प्रकल्प या दृष्टीने वाचला तर लक्षात येतं की तिथे बायकांना नुसतं ‘लाभार्थी’ ठेवलं नव्हतं. त्या संस्थेच्या सभासद होत्या. स्वतःचा वाटा भरला म्हणजे घर दान म्हणून आलेलं नाही, ही भावना. शेजारी सगळ्या आपल्याच कामातल्या, म्हणजे दुखलं-खुपलं बोलायला माणूस. पण दुसरी बाजूही इथेच दिसते. वसाहत शहराबाहेर गेली की कामाचं ठिकाण, शाळा, दवाखाना आणि बस यांचं अंतर हाच रोजचा प्रश्न होतो. घरापर्यंत बस वेळेवर आली नाही, तर घराने दिलेली मर्जी थांब्यावर उभी राहून संपते. मन समजून आखायचं म्हणजे घराची चावी दिली की काम झालं असं नाही. त्या घरातून सकाळी सहाला निघणाऱ्या बाईचा अख्खा दिवस डोळ्यांपुढे आणून आखायचं.

क्षयाची गोळी आणि पाळत

आता खरा जिवाचा प्रश्न. क्षयरोगाच्या साध्या प्रकाराचे औषधोपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं आणि रुग्णाला वाटतं आता बरं झालं. इथेच गोळ्या सुटतात. अर्धवट मेलेले जंतू पुन्हा उठतात. त्यातले काही औषधाला दाद न देणारे असतात आणि मग उपचार लांब, महाग आणि त्रासाचा होतो. शिवाय तो जंतू घरात, मागाच्या शेडमध्ये पसरतो तो वेगळाच.

यावर जगाने शोधलेला उपाय म्हणजे डॉट्स, म्हणजे कुणाच्या तरी समोर गोळी घ्यायची. भारतात १९९७ पासून तो राबवला गेला. दिवसाआड केंद्रावर जायचं, समोर गिळायचं. या पद्धतीने असंख्य जीव वाचले यात वाद नाही. पण रोजंदारीवरच्या माणसाच्या बाजूने बघा. केंद्र उघडण्याची वेळ आणि पाळी सुरू होण्याची वेळ एकच. गेलं तर खाडा, न गेलं तर गोळी चुकते. वस्तीत कुणी बघितलं तर ‘याला टीबी आहे’ ही कुजबुज. आणि कायम मनात एक गोष्ट, की माझ्यावर विश्वास नाही. मर्जीवर घाव आणि आपलेपणावरही.

२०१७ पासून देशात रोजच्या, वजनाप्रमाणे ठरलेल्या एकत्रित गोळ्या आल्या आणि केंद्राचे फेरे कमी झाले. त्याच सुमारास ९९डॉट्स नावाची एक भारतीय युक्ती पुढे आली. गोळ्यांच्या पाकिटाला एक वेष्टन, गोळी काढली की त्याखाली लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा. गोळी घेतल्याची नोंद झाली. कल्पना सुंदर : घरी, आपल्या वेळेला, कुणाच्या नजरेखाली न येता. पण चेन्नई, मुंबई अशा ठिकाणी अचानक घरी जाऊन लघवीची तपासणी केली, तेव्हा मिस्ड कॉल आणि प्रत्यक्षात घेतलेली गोळी यांचा मेळ पुरता बसला नाही. काहींनी गोळी घेतली होती पण फोन केला नव्हता, तर काहींचं उलट.

यातून दिसतं ते हे, की मर्जी दिली तरी बाकी दोन गरजा उरतातच. नोंद घेणारं यंत्र विचारपूस करत नाही. रुग्णाला गोळी कशासाठी, लघवी लाल का होते, उलटी झाली तर काय करायचं हे कळलं पाहिजे. ते जमणं. आणि चार दिवस आवाज आला नाही तर ‘काय झालं, अक्का?’ म्हणून दारात येणारी आशाताई हवी. तो आपलेपणा. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. त्या पैशाने ताटात अंडं येतं, ते महत्त्वाचंच आहे. पण ताटासमोर बसलेल्या माणसाशी बोलण्याचं काम पैसा करत नाही.

इस्पितळाच्या भिंतींनाही हे लागू आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये एका वृद्धाश्रमात काही आजी-आजोबांना स्वतः निवडलेलं रोप सांभाळायला दिलं आणि खोलीतले छोटे निर्णय त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या गटाला रोप दिलं, पण पाणी कर्मचारीच घालणार होते. पहिल्या गटातली माणसं जास्त उत्साही आणि सावध दिसू लागली. हे दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यांवरून फार मोठे दावे करू नयेत. पण कुंडीला पाणी घालायची मुभा द्यायला कुठलंही बजेट लागत नाही, हेही खरं.

हेच हत्यार उलटंही चालतं

मनाच्या गरजा ओळखणारा प्रत्येक जण आपल्या भल्यासाठीच ओळखतो असं नाही. मोबाइलमधली कित्येक ॲप्स याच तीन गरजांवर उभी आहेत, फक्त भूक भागवण्याऐवजी ती वाढवतात. लाइक आणि फॉलोअर यांतून आपलेपणाचा भास होतो. गेममध्ये लेव्हल वाढली की जमल्याचा भास होतो. शंभर पर्याय समोर ठेवले की मर्जीचा भास होतो, पण शेवट नसलेलं स्क्रोल अंगठा थांबू देत नाही. कधी मिळेल, कधी मिळणार नाही अशा बक्षिसामागे जीव सर्वात जास्त धावतो, हे स्किनरने कबुतरांवर दाखवलं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी तेच माणसांवर केलं. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला करावा लागला.

खरेदीच्या ॲप्समधल्या फसव्या रचनांविरुद्धही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नावानिशी सांगितले. ‘दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली वस्तू, नको म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण, घ्यायला सोपी आणि सोडायला महाकठीण वर्गणी हे त्यातलेच. ओळखण्याची खूण सोपी आहे. वापरून झाल्यावर तुम्हाला हलकं, मोकळं, काहीतरी जमल्यासारखं वाटतं की रिकामं आणि चिडचिडं? गरज खरोखर भागली तर माणूस उठतो आणि आपल्या कामाला लागतो. भास असेल तर तो पुन्हा तिथेच परततो.

उद्यापासून काय करता येईल?

यासाठी नवी इमारत लागत नाही. सोलापूरसारख्या शहरात, जिथे शेजारच्या धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीहून रुग्ण उपचारांना येतात आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका बाकावर बसतात, तिथे एवढ्या गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत :

● नंबर द्या आणि आता कितवा चालू आहे ते मोठ्या अक्षरांत लावा. उशीर झाला तर कारण पुकारा. ‘डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, अर्धा तास लागेल’ या एका वाक्याने निम्मा राग उतरतो.

● तातडीचा रुग्ण आधी घेतला, तर बाकीच्यांना तसं सांगा. सांगितलं तर ती माणुसकी ठरते, न सांगितलं तर वशिला वाटतो.

● रुग्णाला खरे पर्याय द्या, छोटे का असेनात. इंजेक्शन कुठल्या हातात, पुढची तारीख सोमवार की बाजाराचा दिवस टाळून, सोबत आत कोण येणार.

● औषध समजावल्यावर ‘कळलं ना?’ असं विचारू नका, कारण त्याला सगळे होच म्हणतात. ‘घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, मला सांगून दाखवा’ असं म्हणा. चूक लगेच दिसते आणि बरोबर सांगितलं की रुग्णालाच आपल्याला जमतंय असं वाटतं.

● मधुमेह, रक्तदाब, क्षय यांसाठी जुन्या रुग्णाला नव्याशी बोलू द्या. सहा महिने गोळ्या पूर्ण केलेली बाई जे पाच मिनिटांत पटवते, ते पत्रकाला जमत नाही.

● नावाने हाक मारा. ‘ए, पंधरा नंबर’ याऐवजी ‘मावशी, या’ म्हणायला जास्तीचा एक सेकंदही लागत नाही.

दुकानदार, बँक, शाळा, नगरपालिका, ॲप बनवणारी पोरं, कुणीही नवं काही आखताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. समोरच्याला इथे काही ठरवता येतं का? त्याला हे जमतंय असं वाटतं का? इथे त्याला कुणी माणूस म्हणून ओळखतं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर रंगरंगोटी आणि संगमरवरी फरशी थांबवून आधी तिकडे बघावं.

आणि आपण ग्राहक, रुग्ण, नागरिक म्हणून जेव्हा चिडतो, तेव्हा त्या चिडीलाही नुसती घाई समजू नये. बहुतेकदा ती वेळेबद्दल नसते. आपल्याला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, ओळखलं नाही, याबद्दल असते. ती तक्रार रास्त आहे आणि ती स्पष्ट शब्दांत खिडकीपलीकडे पोचवायला हवी. ‘किती वेळ लागेल?’ याच्या जोडीला ‘का लागतोय, तेही सांगा’ असं विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.